हिरव्या दिव्याचे आजोबा

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सातच पाठवतोय. आठवं ऑफिसच्या खुर्चीने धरून ठेवलंय. तिचं एक चाक गेलंय, मी उठलो की ती आडवी होते आणि शेजारचा दचकून चहा सांडतो.)

तुमची तब्येत कशी आहे? पत्रात विचारतात म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. जेवण वेळेवर होतं का? उभ्याउभ्या फ्रीजमधलं गार काही खात जाऊ नका, पोट बिघडतं. खुर्चीतच डोळा लागतो का? मान आखडते, पलंगावर जाऊन झोपत जा. इकडे आई बरी आहे, मावशीचा गुडघा मावशीपेक्षा जास्त बोलतो, आणि मी होतो तसाच आहे, म्हणजे तुमच्या मते वाया गेलेला. मामी लेकीकडून परत कधी येणार? (हे विचारू नकोस असं आईने बजावलंय. म्हणून मी विचारलेलं नाही, कंसात नुसतं ठेवलंय.)

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्ही 'पटकन बोल, मीटिंगमध्ये आहे' म्हणता आणि माझं पटकन कधीच होत नाही. घरच्या ग्रुपवर लिहावं तर मावशी खाली अंगठा काढून मोकळी होते आणि विषय तिथेच मरतो. कागद बरा. त्याला मीटिंग नसते.

तर रविवारचा विषय. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत की येत्या रविवारी आजोबांना वृद्धाश्रमात हलवायचं. तिथली खोली ठरली, तुम्ही टेम्पो घेऊन येणार, इथल्या घराला कुलूप लागणार, आणि मी यायचं ते आजोबांचं लोखंडी कपाट दोन जिने खाली उतरवायला, कारण 'त्याला निदान ओझं तरी उचलता येतं'. येतं, मामा. नाही म्हणत नाही. पण ते कपाट मी उचलणार नाही, आणि का उचलणार नाही हे कळायला तुम्हाला आधी माझं काम समजून घ्यावं लागेल. ही नोकरी तुम्हीच लावून दिलीत, आमचे साहेब तुमचे कॉलेजातले मित्र, सगळं मान्य. ('याला तासन्‌तास स्क्रीनकडे बघत बसता येतं, त्याचा काहीतरी उपयोग करून घे,' असं तुम्ही त्यांना म्हणाला होतात. साहेबांनी ते पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी ओळख म्हणून.) पण नोकरी लावून दिली म्हणजे ते काम कळतं असं नाही. साहेबांनाही कळत नाही, पण त्यांना त्याचा पगार मिळतो.

आमचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर. जिन्यात रबराचा वास, वर एसीचा गारवा, आणि एसीखाली बादली, कारण तो गळतो. समोर भिंतभर स्क्रीन आणि त्यावर ठिपके. एकेक ठिपका म्हणजे कुणाचं तरी दुकान, दवाखाना, गोदाम, नाहीतर तुमच्यासारख्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांचं घर. तिथे आमची पेटी बसवलेली असते. ती दार उघडलं-मिटलं, दिवा लागला-गेला, फ्रीज, टीव्ही, बॉयलर, ज्याला ज्याला तिच्या छोट्या चकत्या चिकटवल्या असतील त्याची खबर घेते आणि थोड्या थोड्या वेळाने आमच्या यंत्राला सांगते की मी आहे, सगळं ठीक आहे. सांगितलं की ठिपका हिरवा. सांगायची थांबली की लाल. आम्ही पाच जण दिवसभर हिरव्याकडे बघत बसतो आणि लाल झाला की फोन फिरवतो. एवढंच काम आहे. माझ्या दहावीच्या मार्कांना साजेसं आहे, तक्रार नाही.

आता गंमत ऐका. पेट्या बसवणारा जो गडी आहे त्याला आम्ही पाना म्हणतो, कारण तो जेवतानाही पाना खिशात ठेवतो. प्रत्येक पेटीला घरातल्या घरात एक नंबर द्यावा लागतो. पाना सगळ्या पेट्यांना एकच नंबर देतो. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, दहा. का रे बाबा, तर म्हणे लक्षात राहतो. आणि त्यात तसं चूक काही नाही, हेच तर दुखणं आहे. तो नंबर घराच्या आतला असतो. बाहेरच्याला फक्त दारावरचा नंबर दिसतो, आत कोण कोण आहे ते दाराआड झाकलेलं. म्हणजे कसंय, प्रत्येक घरात एकीला 'आई' म्हणतात. घरात हाक मारली की बरोबर तीच येते, घोटाळा होत नाही. पण बाहेर रस्त्यावर एखादा माणूस वही घेऊन बसला आणि प्रत्येक दारातून 'आई बरी आहे' असं ओरडलेलं फक्त 'आई' या नावाखाली मांडत गेला, तर काय होईल? पन्नास घरं आणि एकच आई. त्यातल्या एखाद्या घरची आई आजारी पडली तर बाकीच्या ओरडतच राहतात, आणि वहीत आई ठणठणीत. तो वहीवाला माणूस म्हणजे आमचं यंत्र.

अगदी पन्नास नाही, यंत्राला तेवढी अक्कल आहे. ते ग्राहकाचं नाव बघतं. पण एकाच ग्राहकाच्या नावावर दोन जागा असल्या आणि दोन्हीकडे पानाने आपला लाडका नंबर घातला, की यंत्र म्हणतं, एकच माणूस, एकच नंबर, म्हणजे एकच पेटी. दोन पेट्या, एक ठिपका. एक मेली तरी दुसरी 'मी आहे' म्हणतच राहते. दोन्ही मेल्या तरच लाल.

हे आम्हाला कळलं कसं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचं सोपं जाईल. एक दाताच्या डॉक्टरबाई आहेत आणि त्यांच्या नवऱ्याची लाँड्री आहे. लग्न एक, खातं एक, ठिपका एक. एक दिवस ठिपका लाल नव्हे, चक्क लुकलुकायला लागला. बॉयलर तापलाय, वाफ कोंडलीये. खात्यावर फोन नंबर बाईंचा. मी फोन करून सांगितलं की लगेच सगळं बंद करा आणि माणसं बाहेर काढा. बाई भल्या, त्यांनी प्रश्न विचारला नाही. खुर्चीतल्या पेशंटला अर्धा दात कोरलेला, तोंडात कापूस, गळ्यात तो कागदी रुमाल, तसाच रस्त्यावर आणून उभा केला. तो बिचारा येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी सांगत होता आणि ते कुणालाही कळत नव्हतं. तिकडे लाँड्रीत नवरा शांतपणे इस्त्री करत होता, आणि मागच्या खोलीत बॉयलरने पाइप फोडून एका अख्ख्या हॉटेलच्या पांढऱ्या चादरी गंजाच्या पाण्याने रंगवल्या. संध्याकाळी नवरा म्हणाला, तुला फोन आला तर मला का नाही सांगितलंस. बाई म्हणाल्या, माझ्या दवाखान्यात बॉयलर असतो का. नवरा म्हणाला, हाच प्रश्न तुला तेव्हा का नाही पडला. त्यानंतर ती दोघं एकमेकांशी आमच्या कस्टमर केअरमार्फत बोलायची.

मग मी युक्ती काढली. पेटीला एक भोंगा असतो, चोरबिर आला तर. तो आमच्या स्क्रीनवरून वाजवता येतो. जुळ्याचा संशय आला की मी भोंगा दाबायचो आणि दोन्हीकडे फोन लावायचो. जो शिव्या देईल त्याची पेटी. (साहेबांनी ही युक्ती ग्राहकांना पत्रक काढून 'ध्वनि-पडताळणी' या नावाने कळवली, खाली स्वतःची सही. माझं नाव पत्रकात होतं, 'अडचण आल्यास संपर्क' या ठिकाणी.) पेट्या वेगळ्या ओळखू आल्या की मी त्यांना नावं द्यायचो, नुसत्या नंबरांनी काय कळणार. डॉक्टरबाईंच्या पेटीला 'बाई' आणि लाँड्रीच्या पेटीला 'बुवा'. महिन्याचा अहवाल यंत्र आपोआप पाठवतं, त्यात गेलं की बाई गार, बुवा तापलेले, दोघांत संपर्क नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी म्हटलं, साहेब, यातलं खोटं काय आहे तेवढं सांगा.

खोटं काही नव्हतं म्हणूनच ते जास्त चिडले. त्यांनी नियम काढला. जो ठिपका हिरवा आहे त्याला हात लावायचा नाही. जुळी शोधत बसायचं नाही. कारण जुळी वेगळी केली की त्यातली एक कधीचीच मेलेली निघते, ठिपका लाल होतो, आणि साहेबांच्या भिंतीवर जे 'नव्व्याण्णव टक्के' लिहिलेलं आहे ते खाली येतं. 'हिरवं आहे ना? मग ग्राहक सुखी आहे,' असं ते म्हणतात. एवढं तुम्ही लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

आता आजोबांकडे येतो. वर्षापूर्वी तुम्ही आमच्याच कंपनीची पेटी आजोबांसाठी घेतलीत. साहेबांनी मैत्रीखातर एकावर एक फुकट दिली. (दुसरी तुमच्याकडेच राहिली, 'असू दे' म्हणालात.) पाना येऊन आजोबांकडची बसवून गेला. आणि मग दर रविवारी ग्रुपवर तुमचा तो अहवाल सुरू झाला, पेटीने तुमच्या फोनवर काढलेल्या रंगीत रेघांचा. मी ते सगळे परत वाचून काढलेत, मामा, आणि तुमच्याच शब्दांत सांगतो. बाबा सकाळी एकदा दार उघडतात आणि संध्याकाळी एकदा. दिवसभर घरात काडीची हालचाल नाही, पलंगावर पडून असावेत. संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लागतो. मी दिलेला टीव्ही सुरू असतो, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. खुर्चीतून उठत नाहीत. फ्रीज पुन्हा पुन्हा उघडतात, पण गॅस पेटत नाही, म्हणजे शिळं-गार खातात. सुट्टीच्या दिवशी तर दारच उघडत नाही. दाराची घंटा गेल्या कित्येक आठवड्यांत कुणी वाजवलेली नाही. आणि शेवटच्या रविवारी तुम्ही लिहिलंत ते मला पाठ झालंय. 'ही निराशेची लक्षणं आहेत. माणसाने असं जगू नये. हे जगणं नव्हे.'

आई रडली. मावशीने पहिल्यांदाच अंगठा न काढता लिहिलं, 'ताबडतोब हलवा.' सगळ्यांनी मिळून किती काळजी केली, मामा, काय सांगू. त्या काळजीच्या भरात दोन जिने चढून दार वाजवायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. चूक कुणाची नाही. अहवाल इतका रंगीत होता की जायची गरजच वाटली नाही. पूर्वी आई निदान आठवड्यातून एकदा जायची. पेटी आल्यापासून म्हणते, दादा बघतोय ना.

मी जायचो. कारण आजोबांकडे पत्त्यांचा डाव असतो. खालचा शिंपी, एक रिटायर्ड ड्रायव्हर आणि आजोबा, चौथा भिडू म्हणून मी. आणि डावात एक पान खेळून होत नाही तोवर कुणीतरी शिलाई मशीन घेऊन येतं, टाका सुटतो, दोरा तुटतो, चाक फिरत नाही. आजोबा पत्ते पालथे घालून उठतात, मशीन उघडतात, तेल देतात, बाईला तिच्या सुनेबद्दल चार शब्द विचारतात. दाराला त्यांनी कडी लावायची सोडूनच दिली आहे, वीट लावून ठेवलंय. तुम्ही दिलेला टीव्ही अजून खोक्यात आहे, त्या खोक्यावरच आम्ही पत्ते खेळतो. उंची अगदी बरोबर आहे. आता आजोबा विसरतात हे खरं. चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधतात. मला परवा दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं की तू चहा सोडलास का. एक कान गेलाय, तो कान ते पत्त्यांत हरायला लागले की आमच्याकडे करतात. पण दिवसभर पलंगावर पडून? त्या पलंगावर मशीनचे सुटे भाग पसरलेले असतात. पडणार कुठे?

मग मी ग्रुपवर लिहिलं. आठवतंय ना? मी लिहिलं की मंगळवारी मी स्वतः तिथे होतो, दार एकदाही मिटलं नाही. तुम्ही उत्तर दिलंत, 'यंत्र खोटं बोलत नाही. तू बोलतोस.' आणि मावशीने त्याला अंगठा दिला. आईनेसुद्धा माझी बाजू घेतली नाही, ती म्हणाली, तू सगळ्याचीच चेष्टा करतोस रे, आजोबांच्या बाबतीत तरी नको. मी आयुष्यभर जेवढ्या थापा मारल्या तेवढ्यांवर विश्वास ठेवलात सगळ्यांनी. एकदा खरं बोललो, ते कुणी घेतलं नाही. असो. मला राग आला नाही असं लिहिणार होतो, पण मग तुम्ही म्हणाल, बघा, परत खोटं.

तर परवा सुट्टी काढून आजोबांकडे गेलो, संध्याकाळपर्यंत बसलो. सोबत ऑफिसचा लॅपटॉप, जो बाहेर न्यायची परवानगी नाही. टीव्हीच्या खोक्यावर ठेवला. आजोबांचा ठिपका समोर, हिरवागार. तो हिरवा, आणि आजोबा माझ्या समोर मशीनच्या पोटात हात घालून बसलेले, तेही ठणठणीत, म्हणजे वरवर बघता सगळं जुळत होतं. स्क्रीनवर लिहून येत होतं की दार बंद, दिवा एक, खुर्चीत हालचाल नाही. आणि इथे दारात वीट, घरात तीन बायका, आणि शिंपी ओरडतोय की पान टाका. मी आजोबांना म्हटलं, कानावर हात ठेवा, आता भोंगा वाजेल. त्यांनी चांगल्या कानावर हात ठेवला. मी बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं. शिंपी म्हणाला, काय रे, कशाची वाट बघायची? मी उठून पेटी शोधायला लागलो. कपाटाच्या मागे होती, तिच्यावर आजोबांनी कापड घालून वर रेडिओ ठेवलेला. कापड काढलं तर पेटी मेलेली, वायर खाली लोंबतेय, आणि त्या प्लगमध्ये रेडिओ. मी म्हटलं, आजोबा, हे काय केलंत? ते म्हणाले, तो पानावाला पोरगा रेडिओचा पॉइंट घेऊन बसला होता, तो जिना उतरला तसा मी माझा पॉइंट परत घेतला. कधी? तो जिना उतरत होता तेव्हाच. म्हणजे मामा, आजोबांच्या घरातून आमच्या यंत्राला आजवर एक अक्षर गेलेलं नाही. वर्षभर ज्याच्या रेघा तुम्ही आम्हाला पाठवल्यात ते घर दुसरंच होतं.

आता ते कुणाचं घर, हे इथे वर लिहायला मला धीर होत नाही. खाली लिहितो. पत्राच्या खालचं लोक सावकाश वाचतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो आणि दोन्ही पेट्या वेगळ्या केल्या. एक हिरवी राहिली, आजोबांची लाल झाली. साहेब केबिनमधून धावत आले, हा लाल कुठून आला? म्हटलं, पहिल्या दिवसापासून होता, हिरव्याखाली झाकलेला. म्हणाले, मग झाक परत. म्हटलं, साहेब, एका म्हाताऱ्या माणसाला या ठिपक्यावरून घराबाहेर काढतायत. त्यावर त्यांनी मला केबिनमध्ये नेऊन दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले की तुझ्या मामाला यातलं एक अक्षर कळलं तर उद्यापासून येऊ नकोस, तो माझा मित्र आहे, त्याला वाईट वाटेल. तुमच्या भावनांची किती काळजी आहे बघा त्यांना. तेव्हा हे पत्र तुमच्या हातात पडेल त्या सुमाराला मी बहुधा बेकार झालेला असेन. खुर्ची आडवी पडेल, शेजाऱ्याचा चहा सांडेल. तुम्ही लावून दिलेली नोकरी तुमच्यामुळेच गेली, हिशेब चोख.

आईला नमस्कार सांगायचा तर ती इथेच आहे. मामींना मात्र तुम्ही सांगा. (कंसात.) लहानांना आशीर्वाद लिहितात, पण तुमच्या घरात लहान कुणी नाही आणि मोठंही सध्या एकच आहे.

तुमचा,
ओझं उचलू शकणारा भाचा

ता. क. तर कुणाचं घर. आजोबांकडे बसून मी बटण दाबलं तेव्हा तिथे शांतता होती. पण तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपवर तुमचा मेसेज. 'माझ्याकडची ती फुकटातली पेटी अचानक किंचाळायला लागली आहे. जेवण अंगावर सांडलं. ही कंपनी नेमकं करते काय?' मी खात्री करायला आणखी एकदा दाबलं. तुम्ही लिहिलंत, 'परत!!' मग आणखी दोनदा दाबलं, त्यात खात्रीचा भाग नव्हता, तो माझा स्वभाव आहे. मामा, तुम्ही ती दुसरी पेटी चालते कशी ते बघायला लावलीत. तिच्याबरोबरच्या चकत्या दाराला, घंटेला, दिव्यांना, फ्रीजला, गॅसला, टीव्हीला, खुर्चीखाली चिकटवल्यात आणि काढायच्या राहून गेल्या. तुमच्याच खात्यावर, पानाने आधीच घालून ठेवलेल्या त्याच नंबराची. सकाळी एकदा दार उघडून ऑफिसला जाणारे तुम्ही. दिवसभर घरात कुणी नाही. संध्याकाळी एक दिवा, एक खुर्ची, टीव्ही, आणि गॅस न पेटवता फ्रीज. घंटा कुणी वाजवत नाही. तुम्ही वर्षभर स्वतःवरच नजर ठेवून होतात आणि दर रविवारी आम्हाला कळवत होतात. 'हे जगणं नव्हे' हे वाक्य तुमचं आहे. मी फक्त पत्ता दुरुस्त करून परत पाठवतोय.

ता. क. दोन. हे मी आजोबांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. सगळे अहवाल मोठ्याने वाचून दाखवले. आधी ते खूप हसले, शिंप्याला म्हणाले, ऐक, मी दिवसभर लोळतो म्हणे. मग कुणाचे आहेत ते सांगितलं. त्यावर त्यांनी जी मशीन आत्ताच तेल देऊन ठेवली होती तिलाच परत तेल द्यायला घेतलं. सगळ्या बायका गेल्यावर एवढंच विचारलं, 'उभ्यानेच खातो?' मी म्हटलं, फ्रीज पुन्हा पुन्हा उघडतो आणि तेवढा वेळ खुर्ची रिकामी असते, म्हणजे उभ्यानेच. ते म्हणाले, 'लहानपणी त्याला एकट्याला जेवायला बसवलं की ताट उचलून खाली शिंप्याकडे जाऊन बसायचा. काही केलं तरी एकटा जेवायचा नाही.' मग म्हणाले, टेम्पो ठरलाय ना, तर तो रद्द करायला नको. येताना रिकामा आणू नकोस म्हणावं, स्वतःचं सामान भरून आण. आता मुद्द्याचं. त्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा त्यांनी रिकामा केलाय. त्यातले मशीनचे सुटे भाग पलंगाखाली गेले, आणि कप्प्यात जुना पेपर कापून अंथरलाय, तुमच्या शर्टांसाठी. म्हणून कपाट जागेवरून हलवता येत नाही. ओझं उचलायला मी येतोच आहे, पण वर चढवायला. कायमचं राहा असं कुणी म्हणत नाही. शनिवार-रविवार तरी.

ता. क. तीन. लॅपटॉप जमा करायच्या आधी मी एक केलंय. तुमच्या भोंग्याचं बटण आजोबांच्या फोनमध्ये घालून दिलंय. त्यांना ते एका झटक्यात जमलं. आता पेटी वाजली की समजा, पत्ते पिसून झालेत किंवा जेवायची वेळ झाली आहे. मी म्हटलं, आजोबा, साधा फोन करा ना. ते म्हणाले, फोन केला की तो मीटिंगमध्ये असतो, पेटी असं काही म्हणत नाही. ते रोज वाजवणार आहेत, मामा, त्यांना काही कामधंदा नाही आणि एका कानाने ऐकू येत नाही, तेव्हा तिकडून ओरडून उपयोग नाही. हे सगळं पत्र मी खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं. ती पेटी उपटू नका.